पापडाचा रोजचा हिशेब

धंद्याची दोन दुखणी जुनीच आहेत. माणसं टिकत नाहीत आणि गिऱ्हाईक कधी पाठ फिरवेल याचा नेम नसतो. त्यातून कामगार डोळ्यांसमोर नसून हजारो घरांत विखुरलेले असले, तर प्रत्येक घरचा पापड सारखाच निघायचा कसा? ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेनं यावर बसवलेली घडी समजून घेण्यासारखी आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पैसे देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी दोन सल्ले दिले: दर्जाशी तडजोड नको आणि हिशेब चोख हवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम बंद पडलं. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. काम थांबलं नाही.

आता रोजचा क्रम पाहू. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार यांचं प्रमाण घरी ठरत नाही. पीठ शाखेतच भिजवून, तिंबून तयार होतं. सकाळी भगिनी (सभासद बायकांना तिथे हेच म्हणतात) आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड घेऊन येतात. पापड तपासले जातात, वजन होतं, लाटण्याचे पैसे मिळतात आणि नवं पीठ घेऊन त्या घरी जातात.

खरी मेख कामाच्या या वाटणीत आहे. चव शाखेत पक्की झालेली असते. घरी चुकू शकतं ते एवढंच: जाडी, आकार, स्वच्छता, वाळवण. त्यातलं बरंचसं पापड हातात घेताच कळतं. त्यामुळे चूक साठत नाही. ती फार तर एका दिवसाच्या पिठापुरती राहते, आणि जिची असते तिला दुसऱ्या सकाळीच समजते. गिऱ्हाइकाच्या ताटात जाण्याआधी.

भगिनी टिकतात त्याचीही कारणं आहेत. पोरंबाळं, घरकाम सांभाळून लाटता येतं आणि केलेल्या कामाचे पैसे अडकत नाहीत. शिवाय त्या नोकर नाहीत, मालकीण आहेत. नफा वाटून घेतात, तोटाही सोसतात. कारभार पाहणारी २१ जणींची समिती त्यांच्यातलीच असते आणि निर्णय एकमताने होतो. हिशेबनीस, चालक अशा कामांवर पुरुष आहेत, पण पगारावर. मालकीत त्यांना वाटा नाही. आज भगिनींची संख्या सुमारे ४५ हजारांवर गेली आहे.

याची किंमतही मोजावी लागते. एकमत व्हायला वेळ लागतो. रोज पैसे चुकते करायचे तर माल उधारीवर सोडून भागत नाही. ज्या धंद्यात कामाचा बरे-वाईटपणा महिन्यांनी कळतो, तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालणारही नाही. पण आपली माणसं का जातात असा प्रश्न पडलेल्या मालकानं आधी दोन गोष्टी तपासाव्यात: काम बिघडलं हे करणाऱ्याला किती दिवसांनी कळतं, आणि नीट झालं तर त्याच्या हाती काय पडतं.