उताऱ्यातील तिसरे वाक्य

दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याचा उतारा असतो, लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतही उताऱ्यांवर प्रश्न विचारले जातात, आणि तरीही उतारा वाचावा कसा हे शिकवण्याची तसदी आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. उलट, प्रश्न आधी वाचावेत आणि मग त्यांतील शब्द उताऱ्यात हुडकून काढावेत, असा व्यवहारी सल्ला सर्रास दिला जातो. या सल्ल्याने चार-दोन गुण पदरात पडत असतीलही. परंतु लेखकाने हा मजकूर कोणत्या हेतूने लिहिला आणि तो याच क्रमाने का मांडला, असे विचारताच शब्द हुडकणाऱ्याची गाडी अडते, कारण हेतू उताऱ्यात क्वचितच उघडपणे लिहिलेला असतो. तो वाक्यांच्या परस्परसंबंधातून ओळखावा लागतो.

उदाहरण म्हणून अलिबागची चुंबकीय वेधशाळा घेऊ. तिच्यासंबंधी पाठ्यपुस्तकी थाटाचा एक उतारा मीच येथे रचून देतो : ‘मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेवरची ट्राम आणण्याचे ठरले. विद्युत्प्रवाहामुळे भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात बाधा येऊन सूक्ष्म उपकरणांच्या नोंदी दूषित होतात. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तथापि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या.’

यातील तिसऱ्या वाक्यात ना सन, ना स्थळ, ना कोणाचे नाव. त्यामुळे घाईने वाचणाऱ्याची नजर नेमकी त्यावरून घसरते. ते वाक्य गाळून पाहावे, म्हणजे ट्रामचा आणि अलिबागचा काय संबंध हे कळेनासे होते आणि पुढचे ‘म्हणून’ अधांतरी लोंबकळते. उताऱ्याची रचना कार्यकारणाची आहे आणि स्थलांतराचे कारण समजावून देणे हा त्याचा हेतू आहे, ही साक्ष हे वाक्य देते. शेवटचे वाक्यही वाटते तसे शेपूट नव्हे. दोन ठिकाणच्या नोंदी काही काळ समांतर ठेवल्याने त्यांची तुलना करता येते आणि जुन्या नोंदींची मालिका नव्या जागीही अखंड पुढे चालवता येते. स्थलांतराने काही गमावले नाही, एवढे सांगण्यासाठी ‘तथापि’ची योजना आहे. येथे परीक्षक हमखास एक फसवा पर्याय ठेवील : ‘ट्राम सुरू होण्यास विलंब झाला, हे दाखवण्यासाठी.’ मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्षात १९०७ मध्ये धावली, तेव्हा विधान खोटे म्हणता येणार नाही. पण उतारा त्याबद्दल अवाक्षरही बोलत नाही. खरे विधान आणि लेखकाचा इरादा यांतला हा भेद ज्याला उमगला, त्याने निम्मी लढाई जिंकली, असे मी समजतो.

हीच माहिती दुसऱ्या हेतूने लिहिली तर तिची रचना पालटते. वेधशाळेचे तत्कालीन प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांचा गौरव करायचा असेल, तर लेखक आरंभ त्यांच्यापासून करील आणि १९०४ हे साल त्यांच्या दूरदृष्टीचे फलित म्हणून येईल. वेधशाळेशेजारी लोखंडी सांगाड्याचे मोठे बांधकाम नको, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असेल, तर मागणी प्रथम येईल आणि हा सारा इतिहास पुराव्यादाखल मागाहून जोडला जाईल.

आणि काही मजकुरांत असा युक्तिवाद मुळी नसतोच. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या इंग्रजी गॅझेटियरात (हा कुलाबा मुंबईतला नव्हे, आजचा रायगड जिल्हा) भूप्रदेश, उत्पन्न, लोक, शेती, व्यापार, इतिहास, महसूल अशी प्रकरणे ओळीने येतात आणि अखेरीस गावांची माहिती वर्णानुक्रमाने दिलेली असते. कारण अंमलदाराला हवा तो तपशील चटकन सापडावा, एवढाच तिथे उद्देश. अशा वर्णनात मध्यवर्ती विचार शोधत बसणे व्यर्थ होय. तेथे कोणत्या विषयामागून कोणता विषय आला, एवढे पाहिले तरी पुरे.

घरात परीक्षेला बसणारे कोणी असेल, तर पुढचा उतारा समोर येताच प्रश्नांची बाजू झाकून ठेवा, उताऱ्यातले एकेक वाक्य बोटाने लपवा आणि ‘हे नसते तर काय बिघडले असते?’ एवढेच त्याला विचारा.