दंडातली बेडकी

मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की एके दिवशी आरशासमोर उभा राहतो, सदऱ्याची बाही वर सरकवतो, मूठ आवळून कोपर दुमडतो आणि दंडावर उठलेला तो इवलासा फुगवटा घरातल्या प्रत्येकाला दाबून पाहायला लावतो. आपण त्याला बेटकुळी म्हणतो. कुठे कुठे बेडकीही म्हणतात. कातडीखाली एखादी बेडकी दबा धरून बसावी, तसेच ते दिसते. रोमन लोकांना मात्र तिथे उंदीर दिसला. लॅटिन भाषेत ‘मुस्कुलुस’ म्हणजे पिटुकला उंदीर, आणि इंग्रजीतला ‘मसल’ हा शब्द त्यावरूनच आला. आपली बेडकी अधिक बरी म्हणायची. कारण स्नायूंविषयी माणसाला जे कळले, त्यातले बरेचसे बिचाऱ्या बेडकांच्याच पायांनी चालत आलेले आहे.

हाडांना जोडलेले असे सहाशेहून अधिक स्नायू आपल्या शरीरात आहेत. निरोगी तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे चाळीस टक्के वाटा त्यांचाच. स्त्रीच्या वजनात काहीसा कमी. सर्वांत मोठा स्नायू नितंबाचा, सर्वांत धाकटा कानाच्या आत, जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा. मोठा आवाज झाला की तो कानातल्या रिकिबीसारख्या नाजूक हाडाला आवरून धरतो. सर्वांत लांब स्नायू कमरेच्या बाहेरच्या बाजूकडून निघून मांडीवरून तिरपा उतरतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोहोचतो. त्याचे शास्त्रीय नाव पडले आहे ते शिंप्यावरून. कारण जुने शिंपी मांडी घालून शिवायला बसत आणि ती बैठक जमवण्यात या स्नायूचा हात असतो. हे नाव आपल्याकडे ठेवले गेले असते, तर त्याला पंगतीचा स्नायू म्हटले असते!

या सगळ्या सेनेची एक गंमत आहे. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. मग आपण कपाट कसे ढकलतो? तर दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू आखडतो, कोपराला पलीकडून ओढतो आणि हात सरळ होतो. ढकलणे हे हाताचे, पण स्नायूचे काम ओढण्याचेच. त्यामुळे शरीरात बहुतेक स्नायूंना एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असतो. पुढच्याने हात दुमडायचा, मागच्याने सरळ करायचा. आणि एकाने ओढताना दुसऱ्याने मुकाट्याने सैल पडायचे.

आता हे ओढणे घडते कसे, ते पाहू. काथ्याचा जाड दोर उलगडला तर आत पेड निघतात, पेडात सुतळ्या, सुतळीत काथ्याचे धागे. स्नायूची रचना अशीच. जुड्यांमध्ये स्नायुतंतू, केसासारखे बारीक, पण काही काही कित्येक सेंटिमीटर लांब. प्रत्येक तंतू म्हणजे एक पेशी. आणि तिच्या पोटात शेकडो, कधी हजारो, आणखी बारीक तंतू. सूक्ष्मदर्शकाखाली यांच्यावर काळेपांढरे आडवे पट्टे दिसतात, अगदी लुगड्यावरच्या पट्ट्यांसारखे एकामागून एक. एक काळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांचे अर्धे अर्धे पांढरे मिळून एक घर होते. अशी चारशे-पाचशे घरे एका मिलिमीटरात बसतात.

हे पट्टे शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे पाहत होते. पण स्नायू आखडताना आत काय होते, याचा उलगडा होत नव्हता. स्नायूतले धागे स्प्रिंगसारखी वेटोळी घालून आखूड होत असावेत, अशी समजूत होती. मग १९५४ सालच्या मे महिन्यात ‘नेचर’ या विलायती साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन निबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. योगायोग पाहा: दोघे हक्सले, पण एकमेकांचे कोणीच लागत नव्हते. एका जोडीने काम केले इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये, दुसरीने अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये! आणि दोन्ही जोड्यांना दिसले ते एकच. स्नायू आखडताना काळा पट्टा तसूभरही बदलत नाही. अरुंद होतो तो पांढरा. म्हणजे धागे आखूड होतच नाहीत. जाड धागे आणि बारीक धागे एकमेकांत सरकतात. टेबलाचा खण आत ढकलला की खणाची लांबी कमी होत नाही आणि टेबलाचीही नाही. दोहोंची मिळून होते. तसेच हे.

जाड धाग्याचे नाव मायोसिन, बारीक धाग्याचे ॲक्टिन. दोन्ही प्रथिनेच. ॲक्टिनचा शोध हंगेरीतल्या सेगेड गावी १९४२ च्या सुमारास, महायुद्ध पेटलेले असताना लागला. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी. ‘क’ जीवनसत्त्वावरील कामासाठी १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळालेले. ब्रुनो स्ट्राउब हे त्यांचे तरुण सहकारी. त्यांनी सशाच्या स्नायूतून ही प्रथिने काढून त्यांचे धागे बनवले आणि त्यांवर एटीपी नावाचे द्रव्य घातले. धागे आखडले. प्राणी नाही, रक्त नाही, मज्जातंतू नाहीत; बशीतली नुसती प्रथिने, पण हालली! जिवंत आणि निर्जीव यांच्यामधली रेघ आपण समजतो तितकी ठळक नाही, असे त्या बशीपुढे उभ्या असलेल्या माणसांना वाटले असल्यास नवल नाही.

विहिरीतून पोहरा काढताना रहाट नसला तर आपण हातावर हात टाकून दोर ओढतो. एक हात पकडतो, ओढतो, सोडतो आणि पुढे जाऊन पुन्हा पकडतो. मायोसिनच्या धाग्यावर असेच अगणित चिमुकले हात असतात. एका हिसक्यात दोर सरकतो तो किती? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले पाच ते दहा भाग. पण असे असंख्य हात भराभर चालतात, म्हणून पाण्याची बादली उचलली जाते. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट अशी की एटीपी लागतो तो आधी पकड सोडवण्यासाठी. एटीपी मिळाला नाही, तर हात दोराला चिकटून बसतात. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठरतो तो यामुळेच. नवा एटीपी तयार होणे थांबलेले असते. पकडलेले हात सुटत नाहीत.

हुकूम येतो मेंदूकडून, मज्जातंतूंच्या वाटेने, विजेच्या रूपाने. इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या तुटक्या पायांना विजेने झटके बसतात, हे १७९१ साली छापून सांगितले होते. पण तंतूच्या आत जाऊन ‘ओढा’ असे सांगतो कोण? तर कॅल्शियम. हे ज्या रीतीने ध्यानात आले, ती हकीकत मोठी मजेची आहे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून चालवत असत आणि ते छान चालेही. पुढे कळले की पाणी शुद्ध केलेले नव्हतेच. ते नळाचे होते. शुद्ध पाणी वापरून पाहिले तो हृदय हळूहळू थांबले! लंडनच्या नळाला येणाऱ्या पाण्यात चुन्याचा अंश होता आणि त्यातल्या कॅल्शियमवर ते हृदय धडधडत होते. हे १८८३ साली प्रसिद्ध झाले. इस्पितळात टांगलेल्या सलाईनच्या बाटलीवर ‘रिंगर’ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल; ते याच गृहस्थांचे.

एटीपीचा साठा मात्र स्नायूत फारच तुटपुंजा असतो. जीव तोडून धावू लागलो तर तो दोन-तीन सेकंदांत संपावा. मग क्रिएटिन फॉस्फेटची शिल्लक उपयोगी पडते. तीही दहाएक सेकंदांची. त्यापुढे स्नायूत साठवलेली साखर जाळावी लागते, आणि घाई असली की ती प्राणवायूची वाट न पाहता जाळली जाते. त्यातून लॅक्टिक आम्ल निघते. हे दह्यातलेच आम्ल! दिवाळीच्या आधी चार दिवस घर झाडून, डबे घासून आणि चकलीचा सोऱ्या दाबून झाल्यावर आपल्या गृहिणी म्हणतात, ‘अंग नुसते आंबून गेले.’ रसायनशास्त्र न शिकता भाषेने अचूक शब्द शोधला, असे वाटून कौतुक वाटते. परंतु इथे भाषेला पुरते गुण देता येत नाहीत. हे आम्ल काम थांबल्यावर साधारण तासाभरात निघून जाते, दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते. ते येते तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. आणि ही इजा अधिक होते ती स्नायू ताणला जात असताना भार पेलावा लागला की. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ज्या ओरडतात, त्या बऱ्याचशा गड उतरल्याबद्दल.

आतापर्यंत बोललो ते आपल्या हुकमातल्या स्नायूंबद्दल. दुसरा वर्ग बिनपट्ट्यांच्या स्नायूंचा. तो आपल्याला विचारत नाही. अन्ननलिका, आतडी, रक्तवाहिन्या, डोळ्याची बाहुली ही त्याची ठाणी. शीर्षासनात घास गिळला तरी तो पोटाकडेच जातो, कारण नलिकेचे स्नायू त्याला रेटत नेतात. (हा प्रयोग घरी करू नये.) अंगावर काटा उभा राहतो, तोही केसांच्या मुळाशी असलेल्या अशाच चिमुकल्या स्नायूंमुळे. आणि या वर्गाचा खरा पराक्रम म्हणजे गर्भाशय. एरवी साठ-सत्तर ग्रॅमचे हे इंद्रिय नऊ महिन्यांत किलोभराचे होते, आपले काम करते आणि काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखे लहान होते.

तिसरा प्रकार एकट्या हृदयाचा. पट्टे आहेत, पण हुकूम आपला नाही. दिवसाला सुमारे एक लाख ठोके; रजा नाही. त्याच्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा शक्ती निर्माण करणाऱ्या केंद्रांनीच भरलेला असतो. पोटरीत गोळा येतो तसा हृदयात येत नाही, कारण एका ठोक्यानंतर ते क्षणभर दुसरा हुकूम ऐकूनच घेत नाही. तेवढ्यात ते सैल पडते आणि रक्ताने भरते.

या सगळ्या माहितीतला ज्या भागाशी घराघरांचा संबंध आहे, तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. तिशी उलटली की स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर अधिक वेगाने. ज्येष्ठ मंडळींचे वजन तेच राहते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. स्नायूच्या जागी चरबी येत असते. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. तरुण माणूस सावरला असता, तिथे आजी पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि पुढचे काही महिने अंथरुणात जातात. आणि अंथरूण हे स्नायूंचे मोठे शत्रू. साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना नुसते दहा दिवस झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो भाग झडला, असे अमेरिकेतल्या एका पाहणीत २००७ साली आढळले.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांवरचे प्रेम बहुधा एकाच वाक्यात व्यक्त होते: ‘आई, तुम्ही बसा, मी आणते.’ सून ते मनापासून म्हणते आणि शेजारीपाजारी तिचे कौतुकही करतात. आईंनीही आयुष्यभर राबल्यावर बसावे, यात वावगे काय? पण पाण्याचा तांब्या, देवाची फुले, गॅलरीतले कपडे, एकेक काम असे मायेने काढून घेतले जाते आणि त्याबरोबर खुर्चीतून उठण्याची ताकदही जाते. हे मला सेवेचे लक्षण वाटत नाही. जिथे पडण्याचा धोका आहे तिथे हात जरूर द्यावा. जिथे नाही, तिथे आईंना उठू द्यावे.

‘आता या वयात काय होणार?’ या प्रश्नाला बोस्टनच्या मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी १९९० साली उत्तर दिले. एका वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त रहिवाशांना त्यांनी पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला, चांगला जोर लावायला लावणारा. वय सरासरी नव्वद! एकाने मध्येच सोडले, नऊजणांनी आठ आठवडे पुरे केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली आणि दोघांनी हातातली काठी बाजूला ठेवली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत त्यातली सुमारे एक तृतीयांश ताकद ओसरली, हेही नोंदवायला हवे.

घरी यासाठी वजने आणण्याचे कारण नाही. भिंतीला टेकवलेली एक भक्कम, हातांची खुर्ची घ्यावी. जवळ कोणीतरी उभे राहावे. हात न टेकता उठता आले तर उत्तम, नाही तर टेकून; सावकाश उठावे आणि त्याहूनही सावकाश बसावे. पाच वेळा, मग थोडी विश्रांती आणि पुन्हा पाच. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. ताटात वरण पातळ नसावे. दही, उसळ, चालत असेल तर अंडे असावे, कारण स्नायूला लागणारी प्रथिने नुसत्या चहा-बिस्किटांतून येत नाहीत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्नायू जाड झालेले दिसणार नाहीत, तरी उठणे सोपे वाटू लागेल. तोवर मज्जातंतू आपले हुकूम अधिक नेटाने पाठवायला शिकलेले असतात. तंतू जाड व्हायला त्यानंतर सुरुवात होते.