समई कोणाची?

नाशिकच्या भांडी बाजारात पितळी समई मागितली, की दुकानदार आधी वजन सांगतो. घेणाऱ्याने ती उलटी करून पाहावी. बैठकीच्या आतल्या बाजूला पॉलिश नसतं, वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तसाच हाताला लागतो. मग आटे सोडवावेत. बैठक, दांडा, तेलाचं ताट, वरचा मोर, सगळं सुटं होतं. प्रत्येक भाग निराळा ओतलेला, लेथवर कातलेला, आणि त्यामागचे हातही बहुधा निराळे. ओतकाम ओतारी करी, हंडे-कळशा ठोकून घडवी तो तांबट, आणि पितळेचा व्यापार कासाराकडे. 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या धंद्याची दखल आहे.

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सोनेरी ब्राँझची शमादानं होत, तीही अशीच वाटून घेतलेल्या कामातून. ओतणारा एक, छिन्नीने पानं-फुलं उठावदार करणारा दुसरा, मुलामा देणारा तिसरा. फांद्या स्क्रूने बसवत, आणि कुठली फांदी कुठल्या खाचेत जाते हे कळावं म्हणून आत ठिपके किंवा आकडे मारून ठेवत.

मुलाम्याचं काम जिवावरचं होतं. सोनं पाऱ्यात कालवून तो लेप ब्राँझवर चढवायचा आणि निखाऱ्यांवर तापवायचा. पारा उडून जाई, सोनं धातूला धरून राही. उडालेला पारा कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरत, दात हलत, माणसं अकाली जात. आंद्रे-आंत्वान राव्रिओ स्वतः ब्राँझकार. 1814 मध्ये ते वारले, तेव्हा या विषापासून कामगारांना वाचवणारा उपाय शोधेल त्याच्यासाठी त्यांनी मृत्युपत्रात 3000 फ्रँक ठेवले होते. रसायनज्ञ दार्से यांनी वाफ वर ओढून नेणारी भट्टी आखली आणि 1818 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. राजवाड्यांतल्या साऱ्या शमादानांहून मला ते मृत्युपत्र मोलाचं वाटतं. पुढे 1840 नंतर विजेच्या मुलाम्याने पाऱ्याची गरजच हळूहळू कमी केली.

तिथल्या तोमीरसारख्या ब्राँझकाराची सही त्याच्या कामावर सापडते, म्हणून आज त्याचं नाव घेता येतं. आपल्या समईवर नाव असतं ते देणाऱ्याचं. लग्नात मामाने दिली, की मामाचं नाव आणि तारीख बारीक टिंबांनी कोरलेली. ओतणाऱ्याचा मागमूस नाही. नाव घालायचं मशीन बाजारात आहेच. त्याच मशीनने बैठकीच्या आत घडवणाऱ्याचं नाव आणि साल घालायला काही मिनिटं पुरतील. नाशिकच्या दुकानदारांनी हे सुरू करावं, आणि गिऱ्हाइकांनी ते मागून घ्यावं.