तंबोऱ्याची प्रवासातील जपणूक

तंबोरा हे गायकास आधारस्वर पुरविणारे तंतुवाद्य आकाराने मोठे, वजनाने हलके व बांधणीने नाजूक असते. मैफलीनिमित्त ते गावोगावी न्यावे लागत असल्याने त्याची बांधाबांध व हाताळणी यांस विशेष महत्त्व आहे.

रचना व धोके : भोपळा, तबली, दांडी, घोडी, खुंट्या व तारा ही तंबोऱ्याची प्रमुख अंगे होत. मिरज (जि. सांगली) येथे एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे तयार होतात, तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. या वाद्यांसाठी लागणारे कडू भोपळे मुख्यत्वे पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतात. वाळलेल्या भोपळ्याचे कवच कठीण, पण ठिसूळ असते. ते दाबाने वाकत नाही, तडकते. दांडी व भोपळा यांचा सांधा, म्हणजे गळा, हे दुसरे दुर्बल स्थान. वाद्य आडवे पडल्यास लांब दांडीचा सारा हिसका तेथे बसतो. सरसाने जोडलेले सांधे उष्णता व दमटपणा यांमुळे सैल होतात, तर वातानुकूलित डब्यातील किंवा विमानातील कोरड्या हवेत लाकूड आकसून तबलीस चीर पडू शकते.

बांधणी : निघण्यापूर्वी तारा दोन-तीन स्वरांनी उतरवितात. त्या पूर्ण सैल करीत नाहीत. कारण घोडी बहुधा तारांच्या दाबानेच जागेवर राहते. ती सरकल्यास जवारी बिघडते व पुन्हा लावण्यास कुशल कारागीर लागतो. म्हणून घोडीच्या जागेची तबलीवर बारीक खूण करून ठेवणे हितावह असते. तारांखाली मऊ कापडाची घडी सरकवितात व घोडीभोवती कापूस किंवा फोम बसवितात. पारंपरिक गवसणी धूळ व ओरखडे यांपासून रक्षण करते, आघातापासून नव्हे. दूरच्या प्रवासास फायबरची किंवा लाकडी पेटी आवश्यक ठरते. पेटीत गळ्यास व दांडीस खालून आधार द्यावा. सर्व भार भोपळ्यावर येऊ देऊ नये. खुंट्या पेटीच्या भिंतीस टेकता कामा नयेत.

हाताळणी : तंबोरा केवळ दांडी धरून उचलू नये, एक हात भोपळ्याखाली असावा. रेल्वेत तो दाराजवळ उभा टेकवून ठेवणे धोक्याचे असते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतही तो ठेवू नये. मुक्कामी पोहोचल्यावर पेटी लगेच न उघडता वाद्य तेथील हवेशी जुळू द्यावे व तारा हळूहळू चढवाव्यात.

परदेशप्रवास : जुन्या वाद्यांत हस्तिदंताची किंवा साबरशिंगाची घोडी व नक्षी आढळते. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ च्या निर्णयाने बंदी आल्यामुळे अशी वाद्ये सीमेपलीकडे नेताना परवान्यांची आवश्यकता आधीच तपासावी लागते. अन्यथा वाद्य अडकून पडण्याचा संभव असतो.

दुरुस्ती व पर्याय : तडकलेला भोपळा सांधता येतो, फार फुटल्यास बदलावा लागतो. तथापि प्रत्येक भोपळ्याचा आकार, जाडी व नाद वेगळा असल्याने जुना आवाज तसाच परत मिळेल, याची शाश्वती नसते. एका स्वरात मुरलेल्या जोडीतील एक तंबोरा असा निकामी झाल्यास दुसऱ्याचीही उपयुक्तता उणावते. यामुळे अनेक कलावंत प्रवासात भोपळा नसलेली चपटी तंबुरी किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरतात. ही साधने सोयीची असली, तरी उत्तम जवारीच्या तंबोऱ्याचा भरदार झंकार त्यांत पूर्णपणे उतरत नाही.