मानमोडीचं साल

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडच्या काळ्या रानात ज्वारीची पेरणी हस्ताच्या सुमारास होते. एक जण बैल हाकतो, एक जण चाड्यावर मूठ धरतो. 1918 साली नेमक्या याच दिवसांत ही दोन्ही माणसं अंथरुणाला खिळली. अंग मोडून यायचं, मान उचलता येईना, म्हणून लोकांनी तापाला नाव दिलं मानमोडी. डॉक्टरांच्या भाषेत तो इन्फ्लुएंझा. हा आजार आपण आजही दोन दिवसांची सर्दी म्हणून अंगावर काढतो.

मग त्या साली तो एवढा जीवघेणा का ठरला?

विषाणूपासून सुरुवात करू. 1918 साली तो कुणी पाहिलाच नव्हता. माणसाचा इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला 1933 मध्ये. तोवर डॉक्टर एका जिवाणूलाच या रोगाचं कारण समजत होते. पुढे अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहाच्या फुप्फुसाचा तुकडा 1997 मध्ये मिळाला. तो आणि काही जपून ठेवलेले नमुने यांवरून 2005 पर्यंत विषाणूची पूर्ण जनुकीय रचना उलगडली. तो एच1एन1 होता, त्या पिढीच्या शरीराला अनोळखी. प्रयोगशाळेत पुन्हा तयार केल्यावर उंदरांच्या फुप्फुसात तो झपाट्याने वाढला. पण बहुतेक माणसं एकट्या विषाणूने गेली नाहीत. त्याने श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढलं, मागोमाग जिवाणू फुप्फुसात उतरले आणि न्यूमोनियाने घात केला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती.

साधा फ्लू तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना गाठतो. मानमोडीने वीस ते चाळीस वयाची, कामाला लागलेली माणसं उचलली. आधीच्या साथींमुळे वयस्कांकडे थोडी जुनी प्रतिकारशक्ती उरली असावी, असं एक मत आहे. आपल्याकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त दगावल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाईच आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारीही तीच.

मुंबईत हा ताप जून 1918 मध्ये आला. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई पहिल्या रुग्णांत होते. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आली ती मारणारी. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 माणसं गेली. तिथून ताप रेल्वेने आत शिरला. दौंड हे मुंबई-मद्रास मार्गावरचं ठाणं, मनमाडची गाडीही इथूनच फुटते. शिरूरला तर आजही रेल्वे नाही, पण तेवढ्याने एखादं गाव वाचावं असा हा रोग नव्हता. प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकत, त्याने जीव वाचायचे, कारण उंदीर मागे राहायचे. मानमोडी श्वासातून पसरत होती. ती माणसांबरोबरच झोपडीत आली.

माझ्या मते विषाणूच्या खालोखाल, कदाचित त्याच्या बरोबरीने, मारलं ते भुकेने. एकाच साथीत ब्रिटनमध्ये हजारी पाचच्या आसपास माणसं मेली, मुंबई इलाख्यात इतिहासकार मिल्स यांच्या हिशेबाने हजारी सुमारे 55. विषाणू तोच, मरण दहापट. खुद्द मुंबई शहरात युरोपियनांत हजारी 8.3, पारशांत 9, आणि तेव्हाच्या दप्तरांत खालच्या जातीचे म्हणून लिहिलेल्या हिंदूंत 61.6. एकाच हवेत श्वास घेणाऱ्यांतला हा फरक फुप्फुसाचा नव्हे, खोलीचा आणि ताटाचा आहे.

आणि आपल्या भागातलं ताट आधीच रिकामं होतं. 1918 चा पावसाळा देशभर फसला. दख्खनच्या पूर्वेकडचा पर्जन्यछायेतला हा पट्टा बऱ्या सालातही ओढग्रस्तच. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा घरोघर हिशेब मांडला. तो 1921 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात दिसलं ते असं, की बहुसंख्य कुटुंबांचं साध्या सालातही भागत नव्हतं. महायुद्धाने धान्य महागलेलं, विहिरींचं पाणी खोल गेलेलं. अशा घरातली सगळीच माणसं एकदम आडवी पडली, तर तांब्याभर पाणी कोण देणार, पेज कोण शिजवणार? नीट पाणी, ऊब आणि पेज मिळाली असती तर यातली कितीतरी माणसं उठून बसली असती.

गावचा पाटील मृत्यूची नोंद ठेवायचा. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा नुसतं ‘ताप’. नोंद करणारेच आजारी पडले, कित्येक ठिकाणी नोंद झालीच नाही. देशभरचे आकडे सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढे जातात ते त्यामुळेच. 1911 ते 1921 हे भारताच्या जनगणनेतलं लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक.

2009 मध्ये एच1एन1 चं नवं रूप आलं. भारतातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला. मात्र या वेळी औषध, प्रतिजैविकं आणि ऑक्सिजन होता. राष्ट्रीय विषाणू संस्था शहरातच होती. मानमोडीसारखं काही घडलं नाही.

तरीही या दोन तालुक्यांत दर हिवाळ्यात उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. एका कोपीत पाच-सहा जण, त्यात गरोदर बाई असते, तान्हं मूल असतं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीभोवती एका खोलीत चार-चार कामगार झोपतात. पुढची साथ आधी यांच्याच दारात जाईल. कारखानदारांनी, ठेकेदारांनी आणि ग्रामपंचायतींनी हंगाम सुरू होण्याआधी या माणसांना फ्लूची लस द्यावी, विशेषतः गरोदर बायकांना. आणि तापात कुणाला धाप लागली, तर उद्या बघू म्हणू नका. त्याच रात्री दवाखान्यात न्या.