नायसियात बायबल ठरले नव्हते

बायबलमध्ये कोणती पुस्तके ठेवायची आणि कोणती गाळायची, हे सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत ठरवले, असे छातीठोकपणे सांगणारे हमखास भेटतात. डॅन ब्राउनच्या २००३ सालच्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने हा समज घरोघरी पोहोचवला, पण तो त्याहून कितीतरी जुना आहे. नवव्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात अशी आख्यायिका आहे, की बिशपांनी सगळी पुस्तके वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरी पुस्तके वर राहिली आणि खोटी खाली गेली. अठराव्या शतकात व्हॉल्तेअरने या कथेची खिल्ली उडवली आणि ती पुष्कळ दूरवर पसरली.

परिषदेने केलेले २० नियम आज उपलब्ध आहेत. बिशपची नेमणूक कशी करावी, धर्मगुरूंनी व्याज घ्यावे का, असे विषय त्यांत आहेत. पुस्तकांच्या यादीबद्दल एक शब्द नाही. मुख्य वाद आरियस या धर्मगुरूच्या शिकवणुकीचा होता: पुत्र, म्हणजे येशू, पित्यासारखाच अनादी, की पित्याने निर्माण केलेला? त्याखेरीज ईस्टरची तारीख एक करायची होती. पुढे कॉन्स्टंटाइनने युसेबियस या बिशपकडून धर्मग्रंथाच्या ५० प्रती करवून घेतल्या, हे खरे. पण प्रती काढायला सांगणे वेगळे आणि कोणती पुस्तके मान्य, हे ठरवणे वेगळे.

येशूला तिथे मतदानाने देव केले, हेही तितकेच चूक. नायसिया ज्या बिथिनिया प्रांतात होते, त्याच प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सुमारे इ.स. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, असे त्यात आहे. म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षे आधीच ही भक्ती चालू होती, आणि ती नोंदवणारा माणूस ख्रिस्ती नव्हता.

मग यादी ठरली कधी? आजच्या नव्या करारातली नेमकी २७ पुस्तके, ना एक कमी ना एक जास्त, आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती ॲलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या ईस्टरपत्रात. नायसियाला तेव्हा ४२ वर्षे झाली होती. चार शुभवर्तमाने मात्र त्याच्या खूप आधी पक्की झाली होती. बिशप इरेनियस सुमारे १८० मध्येच सांगतो, की ती चारच आहेत आणि चारच असायला हवीत. वाद होता तो कडेच्या पुस्तकांवर: इब्री लोकांस पत्र, पेत्राचे दुसरे पत्र, यहूदाचे पत्र, प्रकटीकरण. सीनाय पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठात सापडलेली चौथ्या शतकातली मोठी पोथी, कोडेक्स सिनायटिकस, बहुतांशी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात प्रकटीकरणानंतर ‘बर्नबाचे पत्र’ आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ ही आणखी दोन पुस्तके आहेत. आपल्या केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेत ज्या सिरियाक बायबलचा मान मोठा, त्या पेशित्तात मुळात २२च पुस्तके होती. एका दालनात, एका दिवशी निर्णय झाला असता, तर असा फरक उरला नसता. मला या इतिहासाचे मोल इथेच वाटते: गावोगावच्या मंडळ्या काय वाचत होत्या, कशाची नक्कल करून ठेवत होत्या, यातून ही यादी हळूहळू घडत गेली.

‘दडपलेली खरी शुभवर्तमाने’ हा पुढचा लोकप्रिय विषय. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतल्या १३ पोथ्या सापडल्या. त्यांत थोमाचे शुभवर्तमान आहे: येशूची ११४ वचने, कथा जवळजवळ नाहीच. हे मोलाचे साहित्य आहे यात शंका नाही. थोमातली काही वचने चार शुभवर्तमानांइतकी जुनी असतील का, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण त्या ढिगातली बहुतेक पुस्तके दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली आहेत. दडपले गेले म्हणून एखादे पुस्तक आपोआप अधिक जुने ठरत नाही. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे नावही याच दमात घेतले जाते. त्या ज्यू आहेत. त्यांत नव्या करारातले एकही पुस्तक नाही.

येशू भारतात शिकला, ही कथा आपल्याकडे विशेष प्रिय. निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये पॅरिसमध्ये पुस्तक काढले आणि लडाखच्या हेमिस मठात आपल्याला ‘इसा’चे चरित्र वाचून दाखवल्याचा दावा केला. त्याच वर्षी मॅक्स म्युलरने त्यावर शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस थेट हेमिसला गेले. असे कुठलेही हस्तलिखित मठात नाही, असे खुद्द मठाधिपतींनी त्यांना सांगितले. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

नवा करार उघडला की आधी मत्तय येतो, म्हणून तोच सर्वांत जुना, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सर्वांत जुनी आहेत पौलाची पत्रे, साधारण इ.स. ५० ते ६० मधली. शुभवर्तमानांत मार्क पहिला, सुमारे ७० च्या आसपासचा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. कारण मार्कचा सुमारे ९० टक्के मजकूर मत्तयात पुन्हा भेटतो. मत्तय आणि लूक यांच्यात जे सारखे आहे पण मार्कात नाही, ते आले कुठून? एक पक्ष म्हणतो, दोघांसमोर वचनांचा एक हरवलेला संग्रह होता. दुसरा म्हणतो, लूकसमोर मत्तयच होता. दोन्हीकडे तगडे विद्वान आहेत आणि हा वाद खराखुरा आहे. चारही मजकुरांत लेखक स्वतःचे नाव सांगत नाही. लूक तर सुरुवातीलाच कबूल करतो, की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून जे आपल्यापर्यंत आले, ते आपण नीट तपासून लिहीत आहोत.

शेवटचा गैरसमज श्रद्धाळूंच्या बाजूचा आहे, आणि तोही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत पपायरसचा एक तुकडा आहे, तळहाताहून लहान, सुमारे ९ बाय ६ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या, रोमन अधिकारी पिलातासमोरच्या येशूच्या चौकशीच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी. दोन्ही बाजूंना लेखन आहे, म्हणजे हे पान पोथीतले, गुंडाळीतले नव्हे. १९३५ मध्ये तो प्रसिद्ध करताना सी. एच. रॉबर्ट्स यांनी अक्षराच्या वळणावरून तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. पुढे पुस्तकांतून ‘इ.स. १२५’ असे एकच साल छापले जाऊ लागले. पण अक्षराचे वळण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. एकाच माणसाचे हस्ताक्षर तीस-चाळीस वर्षे तसेच राहू शकते. अभ्यासक ब्रेंट नोंगब्री यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की असेच अक्षर दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या आणि तिसऱ्याच्या आरंभीच्या कागदांतही सापडते. त्यामुळे आज सावध अभ्यासक एक साल न देता पल्ला देतात. २०१२ मध्ये मार्कचा पहिल्या शतकातला तुकडा सापडल्याचे जाहीरपणे सांगितले गेले, तेव्हाही उत्साह असाच उतू गेला होता. २०१८ मध्ये इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरसांच्या ग्रंथमालेत तो रीतसर छापला गेला. संपादकांनी काळ दिला दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ. तरीही मार्कचा तो आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी एक आहे.