तेवीस गोष्टी, नऊ आठवडे

२००६च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याला वर्ग नव्हता, शिक्षक नव्हता, परीक्षा नव्हती. नऊ आठवड्यांत वेबवरच्या २३ लहान लहान गोष्टी ज्याने त्याने स्वतःच्या हाताने करून पाहायच्या आणि काय जमले, काय अडले ते स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचे, एवढीच अट. वीसहून अधिक शाखा असलेल्या या संस्थेत देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्यापासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांना तो खुला होता. ‘लर्निंग २.०’ हे त्याचे नाव. पुढे जगभर तो ‘२३ थिंग्ज’ म्हणूनच ओळखला गेला. ग्रंथालय-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे इतके साधे आणि इतक्या दूरवर पोचलेले दुसरे उदाहरण मला तरी आढळत नाही. त्या २३ गोष्टींतली बरीच साधने आज बंद पडली आहेत, म्हणून तो सारा खटाटोप वाया गेला असे म्हणता येईल. मला ते पटत नाही. का पटत नाही आणि आपल्याकडच्या ग्रंथालयांनी त्यातून नेमके काय उचलावे, याचा विचार इथे करायचा आहे.

ज्या सुमारास हा अभ्यासक्रम आखला गेला त्या सुमारास वेबचा तोंडवळा बदलत होता. यूट्यूब २००५ साली सुरू झाले होते, फ्लिकरवर लोक आपली छायाचित्रे सगळ्यांसाठी मांडू लागले होते, विकिपीडियाचा हवाला शाळकरी मुले देऊ लागली होती. वाचक या सगळ्यात वावरत होते आणि प्रश्न घेऊन ग्रंथालयात येत होते. टेबलापलीकडच्या माणसाला मात्र त्यातले किती ठाऊक असावे, याचा विचार कोणी केलेला नव्हता. प्रशिक्षणाची रूढ पद्धत म्हणजे बाहेरून तज्ज्ञ बोलवायचा, एका खोलीत तीसजण बसवायचे, पडद्यावर चित्रे दाखवायची, चहा द्यायचा आणि सही घ्यायची. अशा दिवसभराच्या कार्यशाळेतून आलेला माणूस आठवड्याने संगणकापुढे बसला की बोटे पुन्हा अडखळतात, हे प्रशिक्षण घेणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनाही माहीत असते. शार्लटच्या ग्रंथालयात तंत्रज्ञानाची जबाबदारी सांभाळणाऱ्या हेलेन ब्लोवर्स यांनी हा मार्ग सोडला. ग्रंथालयांच्या तंत्रज्ञानावर लिहिणारे स्टीफन एब्रम यांनी त्याच वर्षी वर्षभरात करून पाहण्याजोग्या ४३ गोष्टींवर एक लेख लिहिला होता. त्यावरून ब्लोवर्सना कल्पना सुचली आणि ती त्यांनी २३वर आणून बसवली. पहिल्याच आठवड्यात आयुष्यभर शिकत राहणाऱ्या माणसाच्या साडेसात सवयींचा एक पाठ होता. जबाबदारी स्वतःची माना, अडचणीला आव्हान समजा, शिकलेले दुसऱ्याला शिकवा अशा सात सवयी, आणि उरलेली अर्धी म्हणजे खेळा. त्या अर्ध्या सवयीवरच अभ्यासक्रमाचा खरा भर होता.

यातली एखादी गोष्ट जवळून पाहिली तर रचनेतले शहाणपण लक्षात येते. अकरावी गोष्ट होती ‘लायब्ररीथिंग’. टिम स्पाल्डिंग यांनी २००५ साली सुरू केलेले हे संकेतस्थळ कोणालाही आपल्या घरच्या पुस्तकांची यादी करू देते. पुस्तकाचे नाव किंवा आयएसबीएन टाकला की लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकेतून त्याची नोंद आपोआप येऊन बसते. ग्रंथालयातल्या माणसाला ही नोंद परकी नाही. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, वर्गांक हे त्याचे रोजचेच. पण त्या नोंदीच्या शेजारी एक मोकळी चौकट असते आणि तीत हवे ते खूणशब्द टाकता येतात. विषयशीर्षकांच्या अधिकृत यादीतून शब्द निवडायची सवय असलेल्या तालिकाकाराने तिथे ‘पावसात वाचायचे’ किंवा ‘आजीला आवडेल’ असे लिहिले, तर त्याला अडवणारे कोणी नाही. आणि मग तेच पुस्तक इतर शेकडो वाचकांनी कोणत्या शब्दांखाली ठेवले आहे, हे त्याला एका नजरेत दिसते. वर्गीकरणाच्या शास्त्रात पुस्तक कोणत्या जागी बसते आणि वाचकाच्या मनात ते कुठे बसते, यांतले अंतर त्या चौकटीत उघडे पडते. हा धडा व्याख्यानाने देता आला असता, पण दहा मिनिटे स्वतः खूणशब्द टाकून जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही. पुढे सतराव्या गोष्टीत सगळ्यांनी मिळून एका सरावाच्या विकीवर लिहायचे होते. तिथे दुसऱ्याचे लिहिणे चुकून पुसले गेले तरी मागची आवृत्ती परत आणता येते, हे हातानेच उमगत होते. अठराव्या गोष्टीत ब्राउझरमध्येच दस्तऐवज लिहायचा होता आणि त्यासाठी सुचवलेले साधन होते झोहो रायटर, चेन्नईत घडलेले.

अडले तर मदतीला प्रशिक्षक यायचा नाही. शेजारच्याला विचारायचे, असा संकेत होता. ब्लॉग टोपणनावाने लिहायची मुभा होती, त्यामुळे वरिष्ठांच्या नजरेत अडाणी दिसण्याची धास्ती कमी झाली. सहभाग ऐच्छिक होता आणि कामाच्या वेळेतून यासाठी वेळ काढायला हरकत नव्हती. आणि मुदतीत २३ गोष्टी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला एमपी३ प्लेअर मिळाला, शिवाय सोडतीत एक लॅपटॉप. शिकण्यासाठी आमिष कशाला, कर्मचाऱ्याने कर्तव्य म्हणून शिकायला नको का, हा आक्षेप इथे कोणाच्याही मनात येईल. मला या बक्षिसाची निवड फार नेमकी वाटते. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या टप्प्यात पॉडकास्ट आणि श्राव्य पुस्तके होती. वाचक जे उपकरण खिशात घालून ग्रंथालयात येत होते, तेच कर्मचाऱ्याच्या हाती आले. शिवाय संस्था या शिकण्यावर पैसे खर्चायला तयार आहे, म्हणजे तिला त्याची किंमत वाटते, हेही त्यातून कळले. शिकणे हे कर्तव्य असेल तर त्याला वेळ देणे हे संस्थेचेही कर्तव्य ठरते. एकाला कर्तव्याची आठवण करून द्यायची आणि दुसऱ्याला सोडून द्यायचे, हा न्याय नव्हे.

अभ्यासक्रमाचा सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला ठेवला होता, म्हणून तो पसरला. काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो आपलासा केला. २००८ साली मिनेसोटात, २०१० साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, २०१५ साली आयर्लंडमध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. प्रत्येकाने यादी बदलली. सांगाडा तोच ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या ग्रंथालयांचा अभ्यास मायकेल स्टीफन्स आणि वॉरन चीटहॅम यांनी केला. नव्या साधनाला हात घालण्याचा आत्मविश्वास वाढला, हा कर्मचाऱ्यांच्या सांगण्यातला ठळक मुद्दा होता. लोकांनी स्वतःबद्दल स्वतःच दिलेली ही साक्ष आहे, वाचकांना त्यामुळे किती चांगली सेवा मिळाली याचे मोजमाप ती देत नाही, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. पण परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या संस्थांनी कोणाच्याही सक्तीविना तीच रचना पुन्हा पुन्हा उचलली, हाही पुरावाच आहे.

आता मुख्य आक्षेप. शार्लटच्या यादीतले ब्लॉगशोधाचे टेक्नोराटी जुन्या रूपात उरले नाही, हव्या त्या संकेतस्थळांपुरता शोध घेऊ देणारे रोलिओ गेले, खुणा साठवायचे डेलिशस मालक बदलत बदलत २०१७ साली थांबले. बातम्यांचे ताजे मथळे एका जागी आणणाऱ्या वाचक-कार्यक्रमांपैकी सर्वांत लोकप्रिय गूगल रीडर २०१३च्या जुलैत बंद झाला. मग नऊ आठवडे कशासाठी घालवले? या प्रश्नात एक गृहीतक लपलेले आहे: साधन शिकणे म्हणजे त्याची बटणे पाठ करणे. अशा वाचक-कार्यक्रमांना मजकूर पुरवणाऱ्या ‘आरएसएस’ या साच्याचेच पाहा. त्या धड्यातून कळत होते की संकेतस्थळ आपला नवा मजकूर एका ठरावीक साच्यात बाहेर देते आणि तो कोणताही कार्यक्रम उचलू शकतो. गूगल रीडर गेला तरी हा साचा राहिला. आज पॉडकास्टचे नवे भाग ऐकणाऱ्यापर्यंत पोचतात ते त्याच साच्यातून. ज्याने तत्त्व हाताळले होते त्याला दुसरा वाचक-कार्यक्रम शोधायला एक दुपार पुरली असेल. जे ग्रंथालय कर्मचाऱ्याला एकाच सॉफ्टवेअरची बटणे शिकवते, त्याला ते सॉफ्टवेअर बदलले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. साधने मरणार हे तर ठरलेलेच. म्हणूनच अनोळखी साधनापुढे न बिचकणारा माणूस तयार करणे जास्त किफायतशीर आहे.

अभ्यासक्रमात दोष नव्हते असे नाही. एक मला गंभीर वाटतो. कर्मचाऱ्यांनी एकामागून एक खासगी कंपन्यांच्या सेवांत खाती उघडली, पण ही कंपनी माझ्याकडून काय घेते, वाचकाला इथे पाठवताना मी त्याची कोणती माहिती तिच्या हवाली करतो, हा प्रश्न मूळ २३ गोष्टींत स्वतंत्रपणे कुठेच नव्हता. वाचक काय वाचतो ही गोष्ट गुप्त राखणे हा ग्रंथपालाच्या व्यवसायधर्माचा भाग आहे, तेव्हा ही उणीव छोटी नाही. दुसरा दोष स्वयंअध्ययनाचाच: ज्याला संगणकाची आधीपासून भीती आहे तो पहिल्याच आठवड्यात गळतो, आणि खरी गरज त्यालाच असते. यावर उपाय रचनेच्या आतच आहे. शिकलेले दुसऱ्याला शिकवा ही सातवी सवय केवळ उपदेश म्हणून न ठेवता प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्यायचा. तिसरी गोष्ट दोष नव्हे, पण लपवण्याजोगीही नाही. २०१० साली आर्थिक मंदीच्या तडाख्यात याच शार्लटच्या ग्रंथालयाचा निधी मोठ्या प्रमाणात कापला गेला, शाखा बंद झाल्या, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. शिकलेल्या कर्मचाऱ्याची नोकरी शिकल्यामुळे वाचतेच असे नाही. प्रशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्याने तसे आश्वासन कधी देऊ नये.

महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानंतर अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांचे जे जाळे उभे राहिले, त्यात आज दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. अनुदानाच्या ‘अ’ वर्गातल्या जुन्या, मातब्बर संस्थांत कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखे ग्रंथालयीन सॉफ्टवेअर चालते. ‘ड’ वर्गातल्या गावच्या वाचनालयात एकच माणूस ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई अशा तिन्ही भूमिका निभावतो, तेही तुटपुंज्या मानधनावर. त्याला आधी जगण्यापुरता पगार द्या, मग वेबच्या गप्पा करा, हा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्तच आहे. वेतनश्रेणीची मागणी किती वर्षे रेंगाळली आहे हे सगळे जाणतात. पण पगार आणि शिकणे यांतले एक निवडा असा प्रश्नच नाही. उलट, अर्धपोटी माणसाला घरी जाऊन रात्री मोबाईलवर शिक म्हणणे हा त्याच्यावर आणखी एक अन्याय होईल. म्हणून शार्लटच्या प्रयोगातली पहिली गोष्ट आपण घ्यायची ती ही: शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेत मोजला गेला पाहिजे.

यादी मात्र आपलीच हवी. वाचक पडद्यावर ‘ययाती’ असे दीर्घ लिहून शोधतो. खांडेकरांच्या कादंबरीची नोंद ऱ्हस्व ‘ययाति’ अशी असेल तर उत्तर येते, ‘पुस्तक नाही’. पुस्तक समोरच्या कपाटात असते. नोंद करताना दोन्ही रूपे देणे ही मराठी तालिकेची गरज कोणत्याही परदेशी अभ्यासक्रमात सापडणार नाही. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली दाखल नोंदवही युनिकोडमध्ये आणणे, मराठी विकिस्रोतावरचे लेखन वाचकाला काढून देणे, विश्वकोशाची ऑनलाइन नोंद गाठणे, नॅशनल डिजिटल लायब्ररीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना वाट दाखवणे, आपल्या गावावरचा विकिपीडियातला लेख दुरुस्त करणे, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या दाव्याची खातरजमा करणे. यातली प्रत्येक गोष्ट तासाभरात करून पाहता येते आणि प्रत्येकीचा उपयोग दुसऱ्याच दिवशी टेबलावर होतो. शार्लटने सोडलेली एक गोष्ट आपण यादीत पहिल्या पाचांत घालावी: सभासदाची माहिती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही. गावच्या वाचनालयात इंटरनेट नीट चालत नाही, संगणक एकच आहे, ही अडचण खरी आहे. तिथे आठवड्याला एकच गोष्ट घ्यावी, तालुक्यातल्या चार-पाच ग्रंथालयांनी मिळून घ्यावी. नऊ आठवड्यांऐवजी सहा महिने लागले तरी बिघडत नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतले शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे असे सांगते. ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर बसणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे, की ग्रंथसंख्येच्या वाढीचा आकडा वार्षिक अहवालात जसा छापता, तसा कर्मचाऱ्यांना शिकण्यासाठी दिलेल्या तासांचाही छापा. जिल्हा ग्रंथालय संघांनी मराठीतल्या २३ गोष्टींची यादी तयार करावी आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवावी. मूळ अभ्यासक्रमाचे श्रेय देऊन आणि त्यावर नफा न कमावता हे करायचे असेल, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.